जाड म्हणजे दणकट?

परवा आमच्या चिरंजीवांचं पार्सल आलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कपडे मोबाईलवरच मागवतो. पिशवी फाडून त्याने एक काळा टी-शर्ट माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, वजन बघा. २४० जीएसएम आहे!"

मी हातात तोलून बघितला. खरंच भारी होता. "बरं, मग?" मी विचारलं.

"मग काय! हेवीवेट आहे. क्वालिटी!"

स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, "अगदी अज्जांवर गेलाय हा."

मला हसू आलं आणि मागोमाग थोडं वाईटही वाटलं. कारण जाड कापडाच्या या वेडापायी मी स्वतः एकदा चांगलाच चुकलो होतो. ती चूक मला कळली ती आमच्या निपाणीत नव्हे, तर पार तापीकाठी, बुऱ्हाणपूरच्या लालबागेत. तीच हकिकत आज सांगतो.

आमचे अप्पा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. अख्खी हयात वजनकाट्यासमोर गेली. त्यामुळे कुठल्याही वस्तूची पारख वजनावरून करायची, ही त्यांची सवय. कलिंगड असो, पितळेचा तांब्या असो की कापड असो, आधी हातात घेऊन तोलायचं. दिवाळीच्या आधी आम्हा भावंडांना घेऊन ते कापडदुकानात जात. दुकानदार तऱ्हेतऱ्हेचे तागे उलगडून दाखवायचा, रंग सांगायचा. अप्पांचं एकच वाक्य ठरलेलं असे, "दोन रुपये जास्त गेले तरी चालतील, पण कापड जाड दाखवा."

मग खाकी ड्रिल किंवा जीन निघायचं. त्याची पॅन्ट शिवून आली की पहिले चार महिने ती अंगाशी भांडत असे. काढून ठेवली तर कोपऱ्यात जवळजवळ उभीच राहायची. अप्पांची पॅन्ट गुडघ्यात विरली की खालचा भाग कापून थोरल्या भावाची हाफ पॅन्ट, त्याला अपुरी झाली की माझी, आणि शेवटी अव्वाच्या हातात चुलीवरचं भांडं उतरवायचं फडकं. एका कापडाने घरातली चार आयुष्यं काढली, याचा अप्पांना केवढा अभिमान! आमच्यासारख्या घरात कापड टिकणं ही हौस नव्हती, गरज होती. दरवर्षी नवं घ्यायची ऐपतच नव्हती. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' हे अप्पा मराठीत सांगत आणि 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु' हे अव्वा कन्नडात सांगे. दोघांचं मत एक होतं, असं निदान आम्हाला तेव्हा वाटे.

अव्वाचं माहेर बनहट्टीचं, विणकरांच्या घरातलं. तिला कापडातलं अप्पांपेक्षा जास्त कळत होतं, पण तिला कुणी विचारलं नाही. त्या जाड पॅन्टी धुवायची मात्र तीच. पाण्यात भिजलेली ड्रिलची पॅन्ट दगडावर आपटून, पिळून वाळत घालायची म्हणजे काय कष्ट असतात, ते अप्पांना कधी कळलं नाही. पावसाळ्यात ती तीन-तीन दिवस वाळत नसे. चुलीजवळच्या दोरीवर टांगून ठेवावी लागे आणि तिला धुराचा वास लागे.

२०२१ साली अप्पांना मोठं दुखणं आलं. त्यातून उठले, पण पहिलं अंग राहिलं नाही. सतत थंडी वाजायची. मी काय केलं असेल? गावातलं सगळ्यांत जाड कापड शोधून त्यांना दोन शर्ट आणि एक पॅन्ट शिवून आणली. आयुष्यभर ज्या माणसाने जाड कापड मागितलं, त्याला म्हातारपणी पातळ कसं घालायचं? अप्पांनी कापड चिमटीत धरलं आणि म्हणाले, "पूर्वीसारखं नाही राहिलं रे आता. पूर्वीचं मिलचं कापड काय असायचं!"

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मिलचं कापड म्हटल्यावर मला मामा आठवले. अव्वाचे धाकटे भाऊ. बनहट्टीच्या हातमागावर हात बसलेला, मग इचलकरंजीत यंत्रमाग शिकले, आणि १९७६ साली एका ओळखीने थेट बुऱ्हाणपूरला ताप्ती मिलमध्ये साचेखात्यात लागले. तिथेच घर केलं, तिथेच निवृत्त झाले. २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं की मामांकडे जायचं आणि अप्पांसाठी पहिल्यासारखं जाडजूड कापड घेऊन यायचं.

गोवा एक्स्प्रेसने भुसावळ आणि तिथून दुसरी गाडी धरून बुऱ्हाणपूर. स्टेशन गावाबाहेर लालबागेतच आहे, आणि मिलही लालबागेतच. मामा घ्यायला आले होते. घरी पोचेपर्यंत त्यांच्या बोलण्यात कन्नड, मराठी आणि निमाडी हिंदी अशा तिन्ही भाषा होऊन गेल्या. आपल्यासारखाच तोही सीमेवरचा मुलूख. एकेकाळी खानदेशच्या सुभ्याचं हे मुख्य ठाणं, आज मध्य प्रदेशातला जिल्हा (तोही २००३ साली झालेला). बाजारात मराठी बोललात तर कुणी वळून बघत नाही. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

वाटेत मिलचं फाटक लागलं. ते बंद होतं. १९७४ च्या कायद्याने देशातल्या शंभरावर आजारी गिरण्या सरकारने ताब्यात घेऊन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे दिल्या, त्यांतली ही एक. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा महामंडळाच्या गिरण्यांचे साचे थांबले. मी गेलो तेव्हाही ते थांबलेलेच होते. मामा फाटकापाशी थोडे रेंगाळले. "भोंग्यावर घड्याळ लावायचो आम्ही," एवढंच म्हणाले आणि पुढे चालू लागले.

मामीने चहाबरोबर तिथली मावा जिलबी ठेवली. मी माझं काम सांगितलं. मामा म्हणाले, "मिलचं कापड आता कुठलं? पण बाजार आहे, बघ जाऊन." दुसऱ्या दिवशी मी एकटाच बाजारात गेलो. एका दुकानात मनासारखं खाकी मिळालं. जाड, कडक, हातात घेतलं तर वजनदार. शिवाय शर्टासाठीही एक जाड पांढरं घेतलं. मोठ्या ऐटीत ते मामांसमोर उलगडलं.

मामांनी चष्मा लावला. कापडाचा एक कोपरा दोन्ही अंगठ्यांत धरून खसाखसा चोळला, तो झटकला आणि मला तळहात दाखवला. तळहातावर पांढरी भुकटी होती.

"खळ," मामा म्हणाले. मग मामीला सांगून एक बादली पाणी मागवलं आणि माझं पांढरं कापड त्यात बुडवून ठेवलं. सकाळी पाणी पेजेसारखं गढूळ झालं होतं, आणि ते ऐटदार कापड ओल्या पापडासारखं लुळं पडलं होतं. वाळल्यावर मोजलं तर लांबीतही चांगलं आटलं होतं.

"दप्प इद्द मात्रक्क गट्टि इरंगिल्ल, तम्मा," मामा म्हणाले. जाड आहे म्हणून काही ते मजबूत नसतं.

मग त्या ओट्यावर बसून मामांनी मला जे सांगितलं, ते एखाद्या रिफ्रेशर कोर्सपेक्षा जास्त होतं.

मागावर ताण सोसावा म्हणून ताण्याच्या सुताला खळ लावतात. इचलकरंजीत ज्याला आपण सायझिंग म्हणतो, ते हेच. त्यात गैर काही नाही, नंतर धुऊन ती काढायची असते. पण खळ राहू दिली किंवा वरून आणखी चढवली, की विरळ कापडही भरदार वाटतं. ही युक्ती जुनी आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस यायचा थांबला आणि तो महागला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी खळीत चिनी माती मिसळून कापडाचं वजन वाढवायचा सपाटा लावला होता. ते कापड आपल्याकडे आणि चीनमध्ये येऊन विकलं जाई. म्हणजे आपले पणजोबा कापडाच्या भावाने माती घेत होते.

मग मामांनी सुताचा नंबर समजावला. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतात, तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे २० नंबरचं सूत जाड, ४० चं बारीक, १०० चं त्याहून बारीक. नंबर वाढला की सूत बारीक होतं, हे ध्यानात ठेवायचं. पण बारीक सूत काढायला कापसाचा धागा लांब लागतो. आखूड, मोडक्या धाग्यांचं बारीक सूत निघतच नाही, त्याचं जाडच काढावं लागतं. "म्हणून कधी कधी जाड सूत हे ताकदीचं नसतं, ते हलक्या कापसाचं असतं," मामा म्हणाले. "आखूड धाग्यांची टोकं पृष्ठभागावर येतात, त्यांच्या गाठी होतात. नवा शर्ट दोन धुण्यांत केसाळ होतो ना, तो हा."

त्यांनी कपाटातून एक लहानसं घडीचं भिंग काढलं. साचेखात्यात इंचातले धागे मोजायला वापरतात, ते. माझं खाकी कापड त्याखाली धरलं. उभे धागे, आडवे धागे आणि मधे चांगल्या मोठ्या फटी. मग मामीची एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली वायलची साडी आणली. बारीक सूत, पण धाग्याला धागा लागून बसलेला. ताणा आणि बाणा, आमच्या कन्नडात 'हासु-होक्कु', दोघांची वीण घट्ट. "आता सांग," मामा म्हणाले, "कुठलं गट्टि?"

मी मराठीचा प्राध्यापक. मला त्या क्षणी स्वतःच्याच विषयाची लाज वाटली. कारण आपल्या भाषेला हे सगळं आधीपासून ठाऊक आहे. पातळ कापडाला आपल्याकडे दोन शब्द आहेत. चांगलं असेल तर ते 'तलम', वाईट असेल तर 'विरविरीत'. जाड कापडालाही दोन आहेत. चांगलं असेल तर 'दणकट', नाहीतर 'जाडंभरडं'. चार वेगळी कापडं, चार वेगळे शब्द. कन्नडातही 'दप्प' आणि 'गट्टि' हे शब्द वेगळे आहेत, कुणी एकाच्या जागी दुसरा वापरत नाही. आपणच दुकानात गेलो की हे विसरतो आणि नुसतं 'जाड दाखवा' म्हणतो.

भगिनींना तर हे सांगायलाच नको. ब्लाऊजसाठी तुम्ही 'टू बाय टू' मागता ना? त्याचा अर्थ उभं आणि आडवं, दोन्ही सूत दोन-दोन पदरांचं, पिळलेलं. हातात घेतलं तर ते किती हलकं असतं! पण काखेत, बाहीत एवढा ताण सोसून वर्षानुवर्षं टिकतं. एकपदरी जाड सुतापेक्षा दोन पदरी बारीक सुताचा भरवसा जास्त. आमच्या अव्वाचे ब्लाऊज अप्पांच्या पॅन्टींपेक्षा जास्त टिकले असतील, पण त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा मला ओळखीच्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये घेऊन गेले. बुऱ्हाणपूर हे यंत्रमागाचं मोठं गाव आहे. तिथे कोरं मार्किन, धोतरं, केंब्रिक विणलं जातं. आणि मुख्य म्हणजे बकरम. शर्टाच्या कॉलरीत, कफात, कोटाच्या आत जे कडक अस्तर घालतात ना, ते. मागांच्या खडखडाटात मामा माझ्या कानाशी ओरडून सांगत होते, "हे बघ, ऐट इथे विणली जाते!" मी विचार केला, आपण दुकानात शर्टाची कॉलर दाबून बघतो आणि 'व्वा, भारी आहे' म्हणतो. ती भारी गोष्ट शर्टाची नसतेच, आतल्या बकरमाची असते. आणि ते नुसतं गोंदाने चिकटवलेलं असेल, तर काही धुण्यांत सुटतं आणि कॉलरीवर फोड येतात.

याच गावाची जुनी कीर्ती मात्र नेमकी उलटी. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या इथून गेला होता. त्याने लिहून ठेवलं आहे की इथलं पांढरं, पारदर्शक म्हणावं असं झिरझिरीत कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात होतं. मालवाहू बैल आणि गलबतं यांवरून, हजारो मैल. ज्याचं मोल सोन्यासारखं, ते कापड जाड नव्हतं, तलम होतं.

संध्याकाळी मामा मला लालबागेतलाच कुंडी भंडारा दाखवायला घेऊन गेले. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना इथे असताना केलेली ही पाण्याची योजना. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून गावाकडे आणलेलं. वरून बघावं तर नुसती विहिरींची तोंडं ओळीने दिसतात, बाकी सगळं काम जमिनीखाली. तिथल्या कट्ट्यावर बसल्यावर मी मामांना म्हणालो, "मग अप्पांना आता कुठलं जाड कापड घेऊ ते तरी सांगा. खळीचं नको, खरोखरचं दणकट."

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दाजींचं वजन किती आहे आता?"

"एक्कावन्न किलो. आधी अडुसष्ट होतं."

"कापडाचं वजन तू तीन दिवस विचारतोयस," मामा म्हणाले. "माणसाचं वजन आज सांगितलंस."

मी गप्प बसलो. मला अव्वाचं बोलणं आठवलं. गेला अख्खा हिवाळा ती सांगत होती, "ती बटणं त्यांना लागत नाहीत, काजं कडक आहेत." "मानेला लाल झालंय बघ." "अरिवी हगुर इरबेकु, कापड हलकं हवं रे." मला वाटायचं, धुवायला जड जातं म्हणून ती कुरकुर करते. आणि अप्पा? मुलाने हौसेने आणलंय म्हणून ते जाड शर्ट मुकाट्याने घालत होते. सकाळी त्यांना बटणं लावायला पाव तास लागे, आणि मी कॉलेजच्या घाईत असे. त्यांच्या जाड कापडाच्या हौसेचा मी मान राखत होतो, पण त्यांच्या अंगाकडे मी बघितलंच नव्हतं.

मामांनी मला फार बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणाले, "थंडी वाजते ना? मग एका जाडापेक्षा दोन पातळ घाला एकावर एक. मधे हवा राहते, ती ऊब धरते. जाडाचं काम वेगळं आहे. उसाच्या फडात, वेल्डिंगला, हमालीला जाडच हवं. धनगराची घोंगडी जाडच हवी. वखारीत दाजींना ते हवंच होतं. आता ते वखारीत नाहीत."

परतीच्या गाडीत वाचायला एक जुनं मासिक होतं, पण वाचन होईना. डोक्यात कापडच फिरत होतं. ज्या जीन्सला आपली पोरं दणकटपणाची शेवटची पायरी समजतात, तिची गोष्ट मला माहीत होती, पण तिचा अर्थ आता कळला. अमेरिकेत मजुरांच्या पॅन्टी जाड कापडाच्याच होत्या, तरी खिशाच्या कोपऱ्यांत फाटायच्या. जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने तिथे तांब्याचे रिबीट ठोकले. त्याचं पेटंट त्याने आणि लेव्ही स्ट्रॉसने मिळून १८७३ साली घेतलं. म्हणजे कापड जाड असूनही भागत नव्हतं, दुखणं शिवणीत होतं. इंग्रजीतला जाड कामकरी कपड्यांचा 'डंगरी' हा शब्द तर आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलेला. तिथे विकलं जाणारं जाडंभरडं कापड साहेबाच्या खलाशांनी अंगावर घेतलं.

आणि दणकट कापडाचं आपल्या घराजवळचं उदाहरण म्हणजे धारवाडजवळचं गरग. तिथली खादी राष्ट्रध्वजासाठी वापरली जाते आणि हुबळीच्या बेंगेरीत ध्वज शिवले जातात. त्या कापडाची परीक्षा नुसतं वजन करून होत नाही. धागे मोजतात, ताणून ताकद बघतात, रंग उन्हात आणि धुण्यात टिकतो का ते तपासतात. वाऱ्यावर फडफडायचं आहे, तर कापड तसंच हवं. घोंगडीसारखं जाड कापड फडकेल कसं?

निघताना मामांनी स्वतः निवडून केंब्रिकचं पाच मीटर कापड माझ्या पिशवीत घातलं होतं. हलकं, घट्ट विणीचं, हाताला गार लागणारं. निपाणीत आमचे नेहमीचे शिंपी आहेत, अप्पांच्या वेळेपासूनचे. त्यांना सांगितलं, कॉलरीत बकरम नको, काजं थोडी मोठी ठेवा, शिवण दुहेरी घ्या. ते म्हणाले, "आणि माया किती ठेवू?"

शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला आपण माया म्हणतो. पुढे माणसाचं अंग भरलं तर उसवून वाढवता येतं. मी म्हणालो, "ठेवा भरपूर. तब्येत सुधारेल त्यांची."

शर्ट आले. अप्पांनी सवयीने चिमटीत धरून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "हे टिकणार नाही रे." पण घातला. बटणं स्वतः लावली, वरपासून खालपर्यंत. अव्वा दारात उभी राहून बघत होती. संध्याकाळी मी कॉलेजातून आलो तर तोच शर्ट अंगात घालून अप्पा अंगणात बसले होते. पुढचे दोन हिवाळे ते दोन शर्ट आलटून पालटून, आत बनियन आणि वर अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, असेच गेले. तो जाड खाकी तागा अजून कपाटात आहे. उन्हाळ्यात गच्चीवर गहू वाळवायला तो उत्तम पडतो.

२०२४ च्या श्रावणात अप्पा गेले.

वाचकहो, चिरंजीवांना मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, वजन हे एक माप आहे, सगळी परीक्षा नव्हे. मग त्याला घरातले कपडे काढून शिकवलं, ते तुम्हालाही सांगतो. कापड चोळून बघा, भुकटी पडते का. उजेडासमोर धरा, फटी किती दिसतात. तिरकं ओढून सोडा, मूळ आकारावर येतं का. एक धागा काढून तोडा, तो तटकन तुटतो की हातात धुरळा होतो. कपडा उलटा करून शिवण बघा, टाके दाट आहेत का, आत माया आहे का. आणि सगळ्यांत आधी स्वतःला विचारा, हे कुणाच्या अंगावर जाणार आहे, तो दिवसभर काय करतो आणि ते धुणार कोण. २४० चा तुझा टी-शर्टही चांगला असू शकेल, मी म्हणालो, पण तो सहा महिन्यांनी दाखव मला.

त्याने ऐकलं, पण टी-शर्ट काही परत केला नाही. त्याचं वयच ते आहे.

त्या दोन केंब्रिकच्या शर्टांपैकी एक अव्वाने ठेवून घेतला आहे. दुसरा मी शिंप्याकडे नेला. अप्पांचं अंग शेवटपर्यंत भरलंच नव्हतं, त्यामुळे आतली माया जशीच्या तशी होती. ती उसवून त्यांनी माझ्या मापाचा करून दिला. कॉलरीच्या घडीवर किंचित विरलाय, बाकी कुठे काही झालेलं नाही. घरी असलो की तोच घालतो.